कुंकू लावलेली डिस्क

आमच्या जुन्या गटाची स्मरणिका निघते आहे. परवा संपादकांचा फोन आला, "सर, ती कुंकवाची गंमत लिहाच. लोकांना फार आवडते." ती गंमत इतकी वर्षं मीच सांगत आलो. ती खोटी आहे, आणि तिच्यापायी मनमाडच्या एका शिक्षिकेच्या कामाला बट्टा लागला. म्हणून खरं काय झालं ते लिहितो.

तेव्हा आम्ही काही जण रविवारी गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमायचो. मराठीतून चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करून जिल्ह्यातल्या शाळांना फुकट द्यायची, असा बेत होता. गावोगाव इंटरनेट नव्हतं, त्यामुळे डिस्कच पाठवायच्या होत्या. सीडीवर पाठवायची की डीव्हीडीवर, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्या शिक्षिका, आमच्या बाई, मनमाडहून पॅसेंजरने यायच्या. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडचे कॉम्प्युटर कंपन्यांनी वापरून दिलेले आहेत. त्यांना डीव्हीडी वाचता येत नाही. सीडीच करा."

"बाई, एवढं मोठं जंक्शन तुमचं, आणि गाडी अजून सीडीवरच अडकलीय?" मी म्हणालो. सगळे हसले. त्याही हसल्या.

"हसा तुम्ही. पण सीडीत मावेल एवढंच ठेवा, बाकीचं नंतर देऊ."

बाकीचं म्हणजे माझे धडे. वर्षभर खपून मी ते माझ्या आवाजात रेकॉर्ड केले होते, आणि जागा सगळ्यात जास्त तेच खात होते. सीडी करायची तर ते काढावे लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "मी डीव्हीडी तपासली आहे, सगळीकडे चालते." तपासली होती ती माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या मशीनवर. माझं वय आणि कॉलेजातली नोकरी बघून कुणी पुढे विचारलं नाही. डीव्हीडी ठरली.

दसऱ्याला शस्त्रपूजा करतात तशी आम्ही डिस्कची पूजा केली. बाईंनी झेंडूची फुलं आणली होती. डिस्कच्या चळतीतल्या सगळ्यात वरच्या डिस्कला त्यांनी हळदकुंकू वाहिलं. मग बाकीच्या डिस्क पाकिटात घालून शाळांना रवाना केल्या.

दिवाळीची सुट्टी संपली आणि फोन सुरू झाले. घोटीकडचे एक गुरुजी म्हणाले, "सर, लय घरघर करतंय, फुडं काय जात नाय." मी त्यांच्या शाळेत गेलो. खाली वाकून ड्राइव्हवर काय लिहिलंय ते पाहिलं. ती नुसती सीडीची ड्राइव्ह होती. मी गुरुजींना काही बोललो नाही. चहा घेतला आणि परत आलो.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी विचारलं, झालं काय? मी म्हणालो, "बाईंनी कुंकू जरा सढळ हाताने लावलेलं दिसतंय." खोलीत हशा पिकला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. "माझ्या गाडीची वेळ झाली," एवढंच म्हणाल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. शाळांनी डिस्क परत पाठवल्या आणि काम तिथेच बसलं. पुढे कुठे विषय निघाला की लोक म्हणत, ते होय, कुंकवाने बिघडलेलं!

संपादकांचा फोन ठेवल्यावर मी बाईंचा नंबर शोधला. त्या आता निवृत्त आहेत. मी सगळं सांगितलं, घोटीला जे पाहिलं तेसुद्धा.

"ती कुंकवाची डिस्क माझ्याच कपाटात आहे, सर," त्या म्हणाल्या. "पूजेतली म्हणून मी घरी आणली होती. ती कुठल्या शाळेत गेलीच नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगणार? तुम्ही सगळे हसत होतात."

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "लिहिणार असाल तर माझं नंतर लिहा. आधी त्या ड्राइव्हचं लिहा. आमच्या शाळेतल्या पोरांना वाटलं, कॉम्प्युटर मराठीत चालतच नाही. ती पोरं आता मोठी झालीत, आणि अजून तसंच म्हणतात."

म्हणून तेच स्पष्ट लिहितो. आमची सिस्टीम चांगली होती. मराठीत ती नीट चालत होती. त्या शाळांना सीडी हवी होती, बाईंनी तसं सांगितलं होतं, आणि मी डीव्हीडी पाठवली.