मंद मेंदूचा दाखला

चष्मेवाल्यांची बायको बहिणीकडे निघून गेली त्याला कारण घडलं एवढंसं. जेवताना तिने विचारलं, "मी नसले तर तुमचं काय होईल हो?" चष्मेवाले "हं" म्हणाले आणि पुढचा घास घेतला. सकाळी तिने बॅग भरली.

माणूस तसा वाईट नव्हता. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "आता? आणि आता?" असं विचारायचा, उत्तराची शांतपणे वाट बघायचा. स्वतः मात्र घुम्याचा घुम्या. अशा नवऱ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, निदान ती जेवत तरी नाही.

चष्म्याची काडी बदलायला आलेल्या डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, मेंदूचे दोन भाग असतात, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचायला वेळ लागतो आणि तो वेळ त्या मोजतात. चष्मेवाल्यांना घबाड सापडल्यासारखं झालं. आपला निरोपच उशिरा पोचतो असा दाखला मिळाला, की बायको परत आलीच! दोष मेंदूचा, नवरा बिचारा निर्दोष.

दुसऱ्याच दिवशी ते बाईंच्या तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसले. डावीकडे किंवा उजवीकडे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, आधी एका हाताने, मग दुसऱ्याने. दिवा आणि हात एकाच बाजूचे असले की काम मेंदूच्या एकाच भागात उरकतं. बाजू वेगळ्या असल्या की निरोप पलीकडे धाडावा लागतो. जास्तीचा वेळ लागतो तो त्या निरोपाचा. चष्मेवाले मुद्दाम रेंगाळत बटण दाबत होते.

"दोन्ही हात सारखेच रेंगाळलेत," बाई हसल्या. "दोन्ही वेळांच्या वजाबाकीत ते उडून जातं. सेकंदाचे हजार भाग केले, तर निरोपाला लागले त्यातले चार. निरोप झकास पोचतोय तुमचा."

"थोडं वाढवून द्या ना."

"अहो, हे काय शर्टाचं माप आहे?"

"निदान एक सेकंद तरी. घर मोडायची वेळ आलीय, बाई."

बाईंनी हात जोडले.

चष्मेवाले तडक मेहुणीच्या घरी गेले. दार बायकोनेच उघडलं.

"मेंदू चांगला निघाला," ते तोंड पाडून म्हणाले.

"कसला मेंदू?"

"माझा. तपासून आणला. उशीर त्याचा नव्हता. त्या दिवशी उत्तर तेव्हाच सुचलं होतं, बोलायची लाज वाटली."

"काय सुचलं होतं?"

"वाट लागेल म्हणून. लागलीय."

आतून मेहुणी ओरडली, "कोण आलंय गं?"

बायकोने नाक ओढलं.

"कोणी नाही गं. आमचेच आहेत."