दादाची निळी सॅक

माझी भाची जगातली कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करत नाही. ती सगळं दुसऱ्यांदा करते. पहिल्यांदा तालीम असते. पेपरच्या आदल्या दिवशी कॉलेजात जाऊन आपल्या बाकावर तीन तास नुसती बसून येते. सेमिस्टर संपलं की मैत्रिणींबरोबर तर्री-पोहे खायचे ठरले होते, तर त्याचीही तालीम आठवडाभर आधी झाली, आणि तर्री जास्त झाली म्हणून आणखी एकदा झाली. ती भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करते. तोंडी परीक्षेसाठी तिने मला बाहेरगावचा परीक्षक केलं, टाय बांधायला लावला आणि समोर दगड मांडले. मी एक उचलून विचारलं, "हा कोणता?" तर म्हणाली, "मामा, असं नाही राहत. बाहेरचे सर पहिले चहा मागतात." मी चहा मागितला. तीन तालमींत सात कप प्यायलो आणि तिला पैकीच्या पैकी गुण देऊन घरी आलो.

पण तिचा खरा रंगमंच म्हणजे माझ्या ताईच्या घराची गच्ची. तोंडी परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी पचमढीला निघायचं आणि चौघांनी चार दिवस डोंगरातून पायी हिंडायचं, असं तिने जाहीर केलं होतं. चौघं म्हणजे ती, ताई, भाऊजी आणि बंगलोरला नोकरी करणारा तिचा दादा. हे घर असं, की भाऊजी कोपऱ्यावरून दही आणायलाही स्कूटर काढतात. म्हणून महिनाभर रोज सकाळी पाठीवर सॅक घेऊन गच्चीला चाळीस फेऱ्या. ताईच्या सॅकमध्ये तुरीची डाळ, भाऊजींच्या सॅकमध्ये जुने दिवाळी अंक आणि दादाच्या निळ्या सॅकमध्ये तिने वर्षभर गोळा केलेले दगड. दादा बंगलोरला, त्यामुळे ही सॅक माझ्या पाठीवर. मी मागच्याच गल्लीत एकटा राहतो, आणि दुसऱ्याची भूमिका करायची मला भारी हौस. फेऱ्या चालू असेपर्यंत मला हाकही तशीच. "दादा, तू मागे पडून राहिला." पन्नाशी उलटलेला मी धापा टाकत म्हणायचो, "आलो वं, आलो."

पचमढीला माकडं फार, म्हणून माकडांचीही तालीम झाली. भाऊजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांना तिने पाण्याच्या टाकीवर बसवलं आणि ताईच्या हातातला चिवडा हिसकायला सांगितला. दोनदा त्यांनी "घेऊ का?" असं विचारून घेतला. तिसऱ्यांदा मात्र त्यांच्या अंगात संचारलं. ते दात विचकून खाली झेपावले आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर काकू पापड वाळत घालत होत्या.

"काहून वं वहिनी, भाऊ बरे आहेत ना?"

"बरे आहेत," ताई चिवड्याची पिशवी छातीशी धरून म्हणाली. "सहलीला जाऊन राहिलो आम्ही."

काकूंनी पापड उचलले आणि खाली गेल्या.

तालीम होत नव्हती ती एकाच गोष्टीची, दादाच्या रजेची. दोन दिवाळ्या तो घरी आला नव्हता. चाळीस फेऱ्या झाल्या की ती त्याला फोन लावायची आणि आम्ही सगळे धापा आवरून ऐकायचो.

"अगं, साहेब अजून काही बोलला नाही."

"तू विचारलं का त्याले?"

"विचारतो."

"दोन वर्षांपासून विचारूनच राहिला तू."

"आणि नाहीच मिळाली रजा तर?" मी एकदा तिला विचारलं.

"तर तुम्ही," ती म्हणाली. तेव्हापासून मी देवाकडे रोज दोन उलट्या गोष्टी मागू लागलो. सदर बाजारात जाऊन जाड तळव्यांचे बूटही घेतले. ताईला म्हटलं, घरात घालायला घेतले.

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या सरांनी चहा मागितलाच नाही, सरळ दगड उचलला, आणि तरी तिला सगळं आलं. त्या दिवशीच्या फेऱ्या संध्याकाळी होत्या. एकोणचाळिसावी संपताच फोन वाजला.

"मिळाली गं रजा. उद्या सकाळी पोचतो."

ती नाचली नाही, ओरडली नाही. याची तालीम तिने केलेलीच नव्हती. ती गच्चीच्या पायरीवर बसली, ओढणीने डोळे पुसत राहिली, आणि ताई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग ती उठून माझ्याकडे आली.

"मामा, सॅक द्या."

दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिने दोन्ही पट्टे सोडवून त्याच्या मापाला सैल केले, ताणून पाहिले, पुन्हा थोडे सैल केले. अंधार व्हायला अजून थोडा वेळ होता.

"माझी एक फेरी राहिली आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, सॅक पुन्हा माझ्या पाठीवर चढवली आणि मी निघालो. पट्टे त्याच्या मापाचे, त्यामुळे सॅक पार कंबरेखाली लोंबत होती आणि दर पावलाला दगड मागून दणका देत होते. टाकीपर्यंत गेलो आणि दणके बंद झाले. सॅकही एकदम हलकी लागू लागली. मी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी ती खालून उचलून धरून माझी भाची माझ्या पावलावर पाऊल टाकत येत होती, आणि फेरी संपेपर्यंत तिने ती सोडली नाही.