निबंधातला स्थानिक मदतनीस

"तोंड मिटून शीक," अप्पा म्हणाले, "उघडायला लोकांची तोंडं आहेतच."

धारवाडच्या फलाटावर पुण्याची गाडी उभी होती आणि मला पोचवायला आमच्या मळमड्डी वस्तीतली सात-आठ मंडळी आली होती. अप्पांच्या बोलण्यावर सगळी हसली. मीही हसलो, पण ओठ न उघडता. मुंबईला दातांचं शास्त्र शिकायला निघालेला हा पोरगा स्वतःचे दात कुणाला दिसू देत नसे, हे तिथं फक्त घरच्यांना माहीत होतं. आईनं शेंगांच्या चटणीचा डबा दिला. माझी धाकटी बहीण इंदू, तेव्हा पंधरा वर्षांची, फिरकीचा तांब्या घेऊन खिडकीशी आली. "घरच्या आडाचं पाणी आहे, अण्णा. पुण्यापर्यंत पुरव," म्हणाली आणि मोकळेपणी हसली. काय सांगू, त्या निरोपाच्या क्षणीसुद्धा माझं लक्ष तिच्या दातांकडे गेलं. पांढरेशुभ्र, एकसारखे. घर सुटल्याचं दुःख होतंच, पण एक बरंही वाटलं की आता रोज सकाळी हे दात बघावे लागणार नाहीत.

तुम्ही मळमड्डीत राहिलेले लोक, आणि माझ्यासारखे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेले, दोघांसाठी हे लिहितोय. गेलेला माणूस मागच्यांच्या आठवणीनं व्याकूळ होतो असं तुम्ही नेहमी वाचता. मी व्याकूळ कमी झालो, जळलो जास्त.

माझे पुढचे दात तपकिरी होते, अजून आहेत. कुणी गंजलेल्या पत्र्यावर बोटं उमटवावीत तसे डाग. शाळेत आठव्या वर्षी मास्तरांनी मला तंबाखू खातो म्हणून बाकावर उभं केलं होतं. मी राखुंडीनं घासले, मिठानं घासले, एकदा विटकरीच्या भुकटीनं हिरड्यांतून रक्त येईतो घासले. डाग तसूभर हलला नाही. आणि शेजारी ती कार्टी चुलीतल्या कोळशाचा एक तुकडा घेऊन दोन मिनिटांत चूळ भरून मोकळी! पाहुणे यायचे, तिला म्हणायचे, हास की गं. मला कुणी कधी हास म्हटलं नाही. मी दातांचा डॉक्टर का झालो असं लोक विचारतात तेव्हा मी जनसेवा वगैरे सांगतो. खरं कारण हे आहे.

मुंबईत मी गिरगावात दोघांबरोबर एका खोलीत राहिलो. पाव खायला शिकलो, 'होय की' म्हणायचं सोडून 'हो ना' म्हणायला लागलो, कानडी महिनोन्महिने जिभेवर यायचं नाही. घरून दर पंधरवड्याला अप्पांचं पत्र यायचं आणि त्यात इंदूच असायची. इंदू मॅट्रिकला मुलींत पहिली आली. इंदूनं आईचं औषध आणलं. इंदूला मुलींच्या शाळेत नोकरी लागली, शेजारणी आता कागद वाचून घ्यायला तिच्याकडे येतात. मी चार ओळी माझ्या परीक्षेच्या लिहाव्यात, तर उत्तरात एक ओळ माझी आणि पानभर इंदू. खरं तर जळायचं तर तिनं जळायला हवं होतं. पुढं शिकायची हौस तिला माझ्यापेक्षा दुप्पट होती. पण मुलगी एकटी परगावी कुठं राहणार, असं म्हणून अप्पांनी दोघांतल्या एकालाच पाठवलं, आणि तो एक मी होतो. तिनं त्याबद्दल कधी ब्र काढला नाही, ह्याचाही मला रागच यायचा.

शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी मला संशोधनाला घेतलं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असला की दातांवर असे डाग पडतात, हे तेव्हा परदेशातून नुकतंच कळू लागलं होतं. तुमच्या भागात बघून या, ते म्हणाले, कोणत्या गावच्या पाण्यानं डाग पडतात त्याची यादी करा. मला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या तोंडातलं लाजिरवाणं गुपित आता शास्त्र होणार होतं, आणि त्यात इंदूचा काडीचा संबंध नव्हता. निदान मला तसं वाटलं होतं.

उन्हाळ्याच्या सुटीत आलो. जुन्या हुबळीत विणकरांची एक गल्ली धरली. पंधरा-वीस घरं, सगळी एकाच आडाचं पाणी पिणारी, त्यामुळं हिशेब सोपा. पहिल्याच घरात फजिती. पुरुषांनी तोंडं उघडली, पण बायका पदराचं टोक दातांत धरून आत पळाल्या. परक्या पुरुषापुढं तोंड वासायचं म्हणजे काय! शेवटी इंदूला बरोबर न्यावं लागलं. मग चित्र असं, की मुंबईचे डॉक्टर कट्ट्यावर उन्हात, भिंतीकडे तोंड करून कागद लिहिताहेत, आणि आत इंदू माझा आरसा हातात घेऊन एकेकीचे दात बघून ओरडून सांगतेय, "थोरली सून, डाग गडद! सासू, स्वच्छ!" आतून खिदळण्याचे आवाज यायचे. आठ दिवसांत त्या गल्लीत तिला सगळ्या अक्का म्हणू लागल्या. मला डॉक्टरसुद्धा कुणी म्हणेना, मी अक्कांचा अण्णा.

आठवड्याअखेर घरच्या ओसरीवर कागद पसरले आणि डोकं धरून बसलो. एकाच घरात, एकाच घागरीतलं पाणी पिणारी माणसं. सासऱ्याचे दात पांढरे, सासूचे पांढरे, मुलांचे पांढरे, आणि तीन सुनांतल्या दोघींचे तपकिरी. पुढच्या घरातही तेच. पाणी जर कारण, तर सुनांनी काय पाप केलं? मी चिडून म्हटलं, "ह्या बायका चोरून मिश्री लावतात, दुसरं काही नाही."

इंदू मुलींच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णा, ह्यांची माहेरं कुठं लिहिलीस तू?"

मी कागद बघितले. नाव, वय, गाव. गावाच्या रकान्यात सगळीकडे जुनी हुबळी. बाईला गाव विचारलं की ती सासरचंच सांगणार, आणि मी तेच मुकाट्यानं लिहिलं होतं. हे डाग मोठेपणी पडत नाहीत, दात हिरडीत तयार होत असतात त्या पहिल्या पाच-सहा वर्षांत पडतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुस्तकातली ती ओळ आणि विणकरांच्या सुना ह्यांची गाठ माझ्या डोक्यात पडली नव्हती. माझं कधी लग्न करून दुसऱ्याच्या घरी जाणं होणार नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी ती दारोदार एकच प्रश्न विचारत गेली, "निन्न तवरमनी यावूरव्वा?" तुझं माहेर कुठलं गं बाई? माहेरचं नाव काढलं की बायका कशा खुलतात! पाणी कुठल्या विहिरीचं, तळ्याचं की आडाचं, सगळं सांगायला लागल्या. डागवाल्या बहुतेक सगळ्या गदग-मुंडरगीच्या बाजूच्या निघाल्या. त्यांची इथं वाढलेली पोरं स्वच्छ. दुपारपर्यंत माझा आठवडाभराचा गोंधळ सुतासारखा सरळ झाला.

परतताना टांग्यात ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आणि तुझं माहेर कुठलं, अण्णा?"

मी सहा वर्षांचा होईतो अप्पांच्या सारख्या बदल्या होत होत्या म्हणून आई मला घेऊन माझ्या आजोळी होती, मुंडरगीच्या बाजूच्या खेड्यात. आईही तिथलीच, पण तिचे दात मिश्रीनं काळे, त्यातले डाग कुणाला दिसणार! अप्पा धारवाडला कायम झाल्यावर आम्ही मळमड्डीत आलो आणि इंदू इथं जन्मली. एवढंच. ना तिचं पुण्य, ना माझं पाप. वीस वर्षं मी तिच्या दातांचा हेवा केला आणि फरक फक्त दोन विहिरींचा होता.

मला आनंद व्हायला हवा होता की नाही? सुटलो एकदाचा असं वाटायला हवं होतं. छे! हे मला का नाही सुचलं? मी मुंबईला गेलो, मी रात्रंदिवस पुस्तकं घोकली, आणि हिनं वह्या तपासता तपासता, मान वर न करता! त्या रात्री मी जेवलो नाही. आईला वाटलं ऊन बाधलं.

मुंबईला जाऊन मी निबंध लिहिला. आमच्या देशात दातांच्या डागांची पाहणी करताना बाईचं सासर नव्हे, माहेर लिहिलं पाहिजे, हाच त्याचा गाभा. सभेत वाचला, टाळ्या पडल्या. प्राध्यापक म्हणाले, हे तुम्हालाच सुचू शकलं, तुम्ही तिथले. मी मान तुकवली. छापताना आभार मानायची वेळ आली. इंदूचं नाव मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी इंग्रजीत घातलं, 'एका स्थानिक मदतनीसाचं साहाय्य झालं.' त्या इंग्रजी शब्दातून मदतनीस बाई की बुवा तेही कळत नव्हतं.

अंक घरी पाठवला. अप्पांनी तो मळमड्डीतल्या ओळखीच्या प्रत्येक पेन्शनरला दाखवला म्हणे. मग त्यांचं पत्र आलं. अभिनंदन, आशीर्वाद, आणि शेवटी एक ओळ: "त्यातला स्थानिक मदतनीस कोण, ते कळवावे."

मी कळवलं नाही. पुढच्या पत्रात परळला भाड्यानं घेतलेल्या दवाखान्याचं लिहिलं, त्याच्या पुढच्यात खुर्ची आली त्याचं. अप्पांनी आणखी एकदा विचारलं, मग विचारणं सोडलं. लढाई ऐन भरात असताना ते गेले. तारेनं कळलं, गाडीला गर्दी एवढी की मी दहाव्याला पोचलो. दिवस इंदूनं भावकीतल्या एकाकडून सुरू करवले होते. तिथंही ती माझ्या आधी उभी होती.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामांच्या नातवाच्या मुंजीला आम्ही दोघं आजोळी गेलो. गदगपर्यंत आगगाडी, पुढं सर्व्हिस मोटार. मी तिशीनंतर प्रथमच जात होतो. मोटार थांबली आणि पोरांचा घोळका "अक्का बंद्रु, अक्का बंद्रु" करत धावत आला, अक्का आल्या म्हणून. मी दातांचा डॉक्टर, माझी नजर तोंडाकडेच जाणार. आठ-नऊ वर्षांच्या त्या पोरांचे पुढचे दात पांढरे होते! मामांना विचारलं. म्हणाले, "इंदू दर सुटीत येते की. घरोघर जाऊन सांगते, पाच-सहा वर्षांपर्यंतच्या पोराला विहिरीचं पाणी देऊ नका, तळ्याचं गाळून, उकळून द्या. आधी बायका हसल्या. ही ऐकतेय होय! चार वर्षं चुलीशी बसून शिकवलं." माझा निबंध मुंबईत कपाटात होता आणि हिचा इथं पोरांच्या तोंडात. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

मुंजीच्या मांडवात एक म्हातारी काठी टेकत आली. मला न्याहाळून तिनं विचारलं, हा कुठला? कुणीतरी म्हणालं, मुंबईचा डॉक्टर, धारवाडच्या अक्कांचा भाऊ. म्हातारीनं माझी हनुवटी धरली आणि मला हसू फुटलं, तोंड मिटायचं राहून गेलं. "मुंबईचा कसला!" ती कानडीत ओरडली. "हल्लु नोडरी! दात बघा ह्याचे. हा आपल्या विहिरीचा पोरगा!" सगळा मांडव हसला. बायका मला पोटच्या पोरासारखं आग्रह करकरून वाढू लागल्या.

मी इंदूकडे पाहिलं. दहा वर्षं ह्या गावासाठी झिजलेली माझी बहीण पंगतीत पाण्याचं भांडं हातात घेऊन उभी होती, धारवाडची अक्का, पाहुणी. क्षणभरच तिचा चेहरा उतरला. तो चेहरा मला फार ओळखीचा होता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आणि लगेच इतकं वाईट वाटलं की वाढायला आलेल्या बाईपुढं मी पानावर हात आडवा धरला.

परतीच्या मोटारीत मी म्हटलं, "इंदू, त्या निबंधात तुझं नाव घालायचं राहिलं."

"राहिलं नाही, अण्णा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तू घातलं नाहीस."

गदगला ती मोटारीतून उतरली. मग म्हणाली, "अप्पा मला विचारायचे. शेवटच्या दुखण्यातसुद्धा विचारलं. मी म्हटलं, अण्णाला विचारा, तो सांगेल."

आता मुंबईत माझ्या खुर्चीत कुणी बसलं की पत्त्याआधी मी विचारतो, लहानपणी पाणी कुठलं प्यायलात? लोक गोंधळतात, मग सांगतात, आणि सांगताना गावाकडचे होतात. मला कुणी माझं घर विचारलं तर मी दात दाखवत नाही, पण लपवतही नाही. आजोळ माझ्या तोंडात आहे. मळमड्डीचं घर मात्र अजून माझं झालेलं नाही, कारण तिथं ओसरीवर एक प्रश्न माझी वाट बघत बसलाय. म्हणून हा मजकूर छापून आला की पहिला अंक घेऊन मी स्वतः धारवाडची गाडी धरणार आहे, आणि अप्पांच्या तसबिरीपुढं, इंदूच्या देखत, मोठ्यानं वाचणार आहे.

अप्पा, पत्राला उशीर झाला. स्थानिक मदतनीस म्हणजे आपली इंदू. आणि अप्पा, शोध तिचा होता, मदतनीस मी होतो.