नकाशात नसलेली वाट

बीदरच्या नगररचना ऑफिसात नकाशे काढत माझी वीसेक वर्षं गेली. कपाटात फायली साठतात तसे डोक्यात किस्से साठतात, आणि फायलींना निदान वाळवी तरी लागते! चार मित्र चहाला जमले की एक सांगायला जावं, तर मागून दहा येतात. त्यातले निम्मे भालकीजवळच्या एकाच गावातले आहेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते लोक आता मला जावयासारखे हक्काने फोन करतात.

प्रकरण साधं होतं. गावाला लागून वीरभद्रअप्पांचं रान आहे. ते एक बिल्डर घेणार होता. तिथे प्लॉट पाडून लेआउट करायचा आणि चारी बाजूंनी भिंत घालायची. रानाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे. तिथली माणसं याच रानातल्या पायवाटेने डांबरी रस्त्यावर येतात आणि अँब्युलन्सही तिथेच येऊन थांबते. भिंत झाली की वस्तीला सगळ्या नाल्याचा वळसा पडणार होता. ही वाट जुन्या मोजणीच्या कागदात नव्हती, म्हणून मी काढलेल्या नकाशातही नव्हती.

*

पहिल्या मीटिंगला मी मोठ्या ऐटीत पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लावला. रंगीत प्रिंट, उत्तर दिशेचा झोकदार बाण! लोक अर्धा तास नुसते बघत राहिले.

शेवटी अप्पा उठले. त्यांनी टाचण्या काढल्या, नकाशा उलटा केला आणि खालचं टोक वर करून पुन्हा लावला. बाण जमिनीत घुसला! पण आता पंचायतीच्या दारात उभं राहिल्यावर डावीकडे दिसणारा रस्ता नकाशातही डावीकडे आला. माणसं भराभर पुढे सरकली आणि जो तो आपलं घर शोधायला लागला.

"अहो अप्पा, उत्तर वरच असते," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या की वर. आमी खाली ऱ्हातोत!"

त्या दिवसापासून कुठल्याही गावात गेलो की मी आधी लोक कुठे तोंड करून बसलेत ते बघतो. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

*

आमचे प्लॅनर साहेब म्हैसूरकडचे. मराठी शून्य. म्हणून मी दुभाष्या. वस्तीतली सुमनअक्का, तिथली आशा कार्यकर्ती, उभी राहिली आणि पाच मिनिटं मराठीत तडतड बोलली. वाट, नाला, पावसाळा, बाळंतिणी, सगळं. मी साहेबांना कन्नडमध्ये दोन वाक्यांत सांगितलं की यांना वाट हवी आहे, अर्ज देतील.

तशी सुमनअक्का साहेबांकडे वळली आणि माझ्यापेक्षा स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली, "साहेब, यांनी बाळंतिणींचं सगळं गाळलं."

मी गोरामोरा झालो. "अक्का, कन्नड येतंय तर मराठीत कामून बोललाव?"

"तुमचा नकाशा अर्धा निगाला. म्हनलं, बोलनं तरी पुरं सांगायलाव का बघावं!"

*

लेआउटमध्ये बाग सोडावीच लागते. साहेबांनी हिरवळ, बाकं, फुलझाडं, सगळं हौसेने आखलं होतं. गावाने एकमताने हिरवळ नाकारली.

"हिरवं बगून डोळे इटलेत साहेब, फरशी करा," एक म्हातारी म्हणाली. "तूर कुठं वाळवायची?"

साहेब हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. तूर किती दिवस वाळते, ऊन कुठून येतं, असं सगळं विचारून घेतलं आणि अर्ध्या बागेत फरशी दाखवली. माझा साहेब आहे म्हणून सांगत नाही, पण असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

*

तिसऱ्या खेपेला वळणावरून वाद झाला. साहेब म्हणाले, कोपऱ्याचं वळण नियमाप्रमाणे आहे. अप्पांनी विचारलं, "नियम ऊस वढतोय का?"

मग रानात चुन्याची फक्की टाकून रस्ता आखला आणि अप्पांनी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आणला. साहेब स्वतः ड्रायव्हरशेजारी चढून बसले. ट्रॅक्टर वळला. पहिली ट्रॉलीही वळली. दुसरी फक्की ओलांडून सरळ प्लॉटात शिरली.

अप्पांनी शांतपणे खाली बघितलं. "देवघर गेलं प्लॉटवाल्याचं."

वळण त्याच दिवशी मोठं झालं.

*

पण खरी गंमत सुमनअक्काने केली. साहेबांनी विचारलं होतं, वळशाने असा किती फरक पडतो? तिने ज्वारीची भरलेली पिशवी आणली आणि ओढणीने साहेबांच्या पोटाला घट्ट बांधली. "साहेब, हा नववा महिना समजा," ती म्हणाली आणि त्यांना नाल्याच्या वळशाने चालायला लावलं. मागे मी घड्याळ घेऊन, माझ्या मागे अर्धं गाव.

साहेब नाही म्हणाले नाहीत. निम्म्या वाटेत मात्र एका बांधावर बसले आणि घाम पुसत पाणी मागितलं.

सुमनअक्काने तांब्या पुढे केला. "घ्या. आजून कळा सुरू व्हायच्यात!"

*

शेवटची सुनावणी पंचायतीत झाली. साहेबांची इच्छा असून उपयोग नव्हता, कारण वाटेला कागद नव्हता. बिल्डरला हे पक्कं माहीत होतं. तो अप्पांकडे वळला. "अप्पा, तुम्हीच सांगा. सगळं रान मला देताय ना? त्यात कुणाची वाटबीट आहे का?"

अप्पा नुसते नाही म्हणाले असते तरी बिल्डरचं काम झालं असतं. शिवाय सौद्यात रस्त्याकडचा कोपऱ्याचा प्लॉट त्यांच्या मुलासाठी ठरला होता. सुमनअक्का खाली बघत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

अप्पा उठले. "रान माझं हाय, त्ये दिलं. वाट माझ्या बापाची बी नव्हती. जी माझी न्हाई ती तुमाला कशी देऊ? लिवून घ्या साहेब, मी अंगठा न्हाई, सही करतो."

साहेबांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली, वाट आखत रस्त्यापर्यंत आणली आणि थांबले. मला म्हणाले, त्यांना नीट समजावून सांग. या वेळी मी काही गाळलं नाही.

"अप्पा, ही वाट तुमच्या मुलाच्याच प्लॉटातून जाते. निम्मा प्लॉट जाईल. उरलेल्यात घर बांधलं तर सगळी वस्ती रोज दारावरून येणार-जाणार."

अप्पांनी नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला.

"मग सुनंला सांगाय पायजे," ते म्हणाले. "च्याचं आधन जरा जास्ती ठिवत जा म्हनावं."