दाबराव आणि ताईचा बुडणारा आवाज

दाबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण पंचवीस वर्षं गाणी मिक्स करणाऱ्या या माणसाला वाजवणारे, गाणारे आणि शेजारच्या दवाखान्यातले दंतवैद्यसुद्धा दाबरावच म्हणतात. कारण त्यांचा कॉम्प्रेसर नावाच्या यंत्रावर जीव. ते काय करतं, हे दाबराव कुणालाही, न विचारता, समजावून सांगतात.

"ग्रुप फोटोत उंचांना खाली बसवतात की नाही? मग फोटोवाला कॅमेरा जवळ आणतो की नाही? तसंच! जोराचा भाग दाबायचा, मग सगळंच जरा वर उचलायचं. सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत!"

हे सांगताना त्यांचाच आवाज असा चढतो की भिंतीपलीकडे दाताला हात लावण्याआधीच पेशंट किंचाळतात. घरी मात्र बायको, दोन मुली आणि सासूबाई एकदम बोलायला लागल्या की दाबले जातात ते एकटे दाबराव.

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ते आपल्या स्टुडिओत घामाघूम होऊन बसले होते. शेजारच्या खुर्चीत त्यांची थोरली बहीण. ताईनं जन्मभर गाणं शिकवलं. गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली, तेव्हा सर्जन म्हणाले होते, "आवाज येईल परत. वरच्या सुरांचं मात्र सांगता येत नाही." आठ महिने तिनं भाजीवाल्याशीसुद्धा कुजबुजत घासाघीस केली. मग हळूहळू गायला लागली आणि गेल्या आठवड्यात भावाकडे येऊन, नुसत्या पियानोच्या साथीवर, एक गाणं गायली. तिनं मनाशी ठरवलं होतं, वरचे सूर टिकले तर क्लास पुन्हा उघडायचा. नाही टिकले तर दारावरची पाटी उतरवायची.

गायली त्या दिवशी दोघांनाही बरं वाटलं होतं. पण शनिवारी गाण्यात बाकीची वाद्यं भरली आणि घात झाला. "उजेड" या शब्दावर सूर वर चढायचा आणि चढता चढताच, जिन्यावरून पाय घसरावा तसा आवाज खाली जायचा. मग धापा टाकत हळूहळू वर यायचा. तीन कडव्यांत तीनदा.

दोन दिवस दाबराव ताईच्या आवाजावरच्या कॉम्प्रेसरशी झटत होते. दाब कमी केला. दाबल्यावर सोडायचा वेळ कमी केला. त्यांच्याकडे अकरा तऱ्हेचे कॉम्प्रेसर, ते सगळे लावून पाहिले. शेवटी एकही लावला नाही. आवाज बुडायचा तो बुडतच होता.

"छोट्या," ताई म्हणाली. छोट्या आता बावन्न वर्षांचा होता. "उगाच लपवू नकोस. यंत्र काढलंस तरी तसंच आहे. म्हणजे गळाच तसा आहे."

"अगं, थांब जरा, मी बघतोय."

"काय बघतोयस? दोन दिवस तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून बसलायस. मला कळत नाही का?"

 दाबरावांनी पुन्हा गाणं लावलं. ड्रम धाडकन वाजला, "उजेड" बुडाला.

"आणि तो मेला ड्रम आधी बंद कर! डोकं उठवलंय त्यानं. बाकीचंही नको. माझा आवाज तेवढा ऐकव. कुठे मोडतोय ते एकदा नीट ऐकते आणि जाते घरी."

आता, एकटा आवाज कधी ऐकायचा नाही हा दाबरावांचा बाणा होता. "गाणं लोक अख्खं ऐकतात, मग आपणही अख्खंच ऐकायचं," यावर त्यांनी कित्येक नवख्या गायकांना तासतासभर पिडलं होतं. पण थोरल्या बहिणीपुढे कसला बाणा? त्यांनी निमूटपणे सगळं बंद केलं.

"उजेड" वर गेला आणि वरच राहिला. स्वच्छ, भरलेला, खणखणीत.

 दाबरावांनी ड्रम चालू केला, आवाज बुडाला. बंद केला, आवाज ताठ उभा.

"अरे देवा," दाबराव म्हणाले.

"काय झालं?"

"मी गाढव आहे."

"ते मला माहीत आहे. आत्ता काय झालं ते सांग."

झालं होतं असं. नवं काम घेतलं की कोरी फाईल मांडायचा दाबरावांना कंटाळा. ते आधीच्या कामाचीच नक्कल करून जुनं पुसायचे. आधीचं काम व्यायामाच्या क्लासचं होतं. तिथल्या बाईंना ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला सगळं गाणं दबून पुन्हा फुगायला हवं होतं, म्हणजे लोक जोरात उड्या मारतात. त्यासाठी दाबरावांनी अख्ख्या गाण्यावर, अगदी शेवटी, एक दांडगा कॉम्प्रेसर बसवला होता. तो पुसायचा राहिला. ड्रम वाजला की तो पियानोसकट ताईला दाबायचा आणि सावकाश सोडायचा. आणि "उजेड" नेमका ठोक्यावर.

"म्हणजे माझा गळा..."

"ठणठणीत आहे! बुडवत मी होतो!"

ताईनं आधी डोळे पुसले आणि मग भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की भिंतीपलीकडे दंतवैद्यांचा हात थांबला. "दोन रात्री झोपले नाही मी, मेल्या! पाटी उतरवायला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा काढून ठेवला होता!"

मार खाताना इतका आनंद दाबरावांना आयुष्यात झाला नव्हता. त्यांनी तो दांडगा कॉम्प्रेसर उपटला आणि ताईच्या आवाजावर एक साधा, जुना कॉम्प्रेसर ठेवला. काटा जेमतेम हलेल इतकाच दाब; तोही शब्दाची सुरुवात निसटून गेल्यावर लागेल असा, म्हणजे "उजेड"मधला "उ" चिरडायला नको. ताईनं डोळे मिटून गाणं दोनदा ऐकलं.

"शेवटची ओळ पुन्हा घेते," ती एकदम म्हणाली. "भीतीनं खाली गायले होते. ती वर आहे."

"किती वर?"

"बघशीलच. माईक लाव."

दाबरावांनी काचेपलीकडे माईक लावला आणि धावत जागेवर येऊन बसले. ताईनं खोल श्वास घेतला आणि सूर जो काही सोडला, तो त्यांच्या समोरचा काटा सरळ लाल रेघेपार घेऊन गेला. रेकॉर्डिंग पार फाटलं. पंचवीस वर्षांत फाटलेल्या आवाजाला कधी माफ न करणारे दाबराव खुर्चीवरून उठून नाचायला लागले आणि काचेवर हात आपटत ओरडले, "ताई, माईकपासून मागे सर! अगं, अजून मागे!"