टेकाडावरून बघितलेला भाव

बायकोचा उजवा खांदा धरला होता. कारण घरातला दगडी रगडा. आंबोळीचं पीठ ती त्यावरच वाटायची. डॉक्टरांनी वाटण बंद सांगितलं आणि ग्राइंडर घ्यायचं ठरलं. ते काम मी अंगावर घेतलं, तिथंच माशी शिंकली.

आमच्याकडे रेंज मिळते ती घरामागच्या टेकाडावर. तिथून सुपा धरणाचं पाणी दिसतं आणि खरेदीचं ॲप उघडतं. पहिल्याच दिवशी मोठा आकडा खोडलेला, खाली बारका आकडा आणि शेजारी 'सवलत'. मला संशय आला. तिथूनच बेळगावच्या भाचीला फोन लावला.

"मामा, मागचे भाव दाखवणारी साइट हाय. आलेख बघा."

बघितला. तो मोठा आकडा कधी नव्हताच. पण आलेख काढणारा तरी कुणाचा माणूस? म्हणून मीच रोज जेवल्यावर वर चढून भाव बघायचा आणि कॅलेंडरात लिहायचा, असं ठरवलं.

आठवड्यात भाव दोनदा चढला. फोननं मला गरजू म्हणून ओळखलंय, अशी माझी खात्री झाली. शेजारच्या काकांना वर नेऊन त्यांच्या फोनवर बघितलं. तोच भाव.

"मला बी वळखलं वाटतं त्यानं," काका धापा टाकत म्हणाले.

तीन आठवड्यांनी भाव एकदम खाली आला. उतरून आलो तर बायको डाव्या हातानं वाटत होती.

"भाव उतरलाय."

"मग घेतलासा?"

"एवढा कसा उतरला? खोट असणार. उद्या बघू."

तिच्या हातातला दगड थांबला. "चढला तरी संशय, उतरला तरी संशय. मला तरी कसं पसंत केलंसा?"

हात पुसून, माझा फोन घेऊन ती टेकाड चढली. अर्ध्या तासानं उतरली. "मागवला. तालुक्याला जोयड्याच्या दुकानात येतोय, तिथनं बसनं आणा."

"कितीला?"

"बघितलं न्हाई."

ग्राइंडर आला. आंबोळ्या मऊ व्हायला लागल्या, तिचा खांदा हळूहळू मोकळा झाला. मी मात्र सवयीनं टेकाड चढतच होतो. एका दुपारी भाव आणखी उतरलेला दिसला. कॅलेंडरात लिहिला नाही.

"काय म्हणतोय आज?" तिनं विचारलं.

"वाढलाय. बरं झालं, तू घेतलास."

इतके दिवस मी त्या ॲपकडे जसा बघत होतो, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.