पिवळ्या पट्टीतलं मशीन

सकाळचे साडेसहा. सातारा आणि सांगलीच्या मधल्या पट्ट्यातली औद्योगिक वसाहत, एका मोटार कंपनीचं दोन नंबरचं फाटक. पहिली शिफ्ट आत चालली आहे. नोटीस बोर्डाची काच बंद होत नाही, म्हणून फाटकावरचे सुभेदार ती खांद्यानं रेटत आहेत.

काच बंद होणार कशी? आत नोटिसांचा गठ्ठा झालेला. 'डिझेल इंजिनाची लाइन बंद होत आहे.' तिच्यावर 'डिझेलची लाइन पुढील आदेशापर्यंत चालू राहील.' तिच्यावर हायब्रिड, तिच्यावर इलेक्ट्रिक, आणि सगळ्यात वर, त्याच दिवशी डकवलेली, 'डिझेल इंजिनाची लाइन बंद होत आहे.'

एचआरचे साहेब गाडीतून उतरले. "सुभेदार, हा काय कचरा लावलाय? जुन्या नोटिसा काढून टाका!"

सुभेदार मेढ्याकडचे, निम्मा जन्म फौजेत गेलेला. कडक सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "काडतो साहेब. त्यातली जुनी कुठली, तेवडं सांगा!"

मी या भागात बातम्या करत फिरतोय त्याला बरीच वर्षं झाली. बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात कोणीतरी भजी बांधून देतो. किस्से कोणी छापत नाही, त्यामुळे ते वहीच्या मागच्या पानांवर साठत जातात. आणि एखादी कंपनी दर सहा महिन्यांनी प्लॅन बदलायला लागली, की वहीला पुढची पानं उरतच नाहीत. सगळी मागचीच!

प्रकरण साधं होतं. इथं डिझेल इंजिनं बनायची. वरच्यांनी ठरवलं, आता इलेक्ट्रिक. मग ठरवलं, थांबा. मग ठरवलं, दोन्ही. या ठरवाठरवीत इंजिन लाइनवरच्या बावीस जणांना एक गोष्ट मात्र पक्की सांगितली गेली: "इलेक्ट्रिकसाठी परदेशातून नवं मशीन येतंय. ते ज्याला चालवता येईल तो राहील. बाकीचे घरी."

बावीसच्या बावीस जणांनी त्या मशीनवर डोळे लावले. त्यांचे म्होरके तानाजीअण्णा, म्हसवडकडचे. लाइन सुरू झाली त्या दिवसापासूनचे. हाताला लागलेला बोल्ट ढिला आहे की घट्ट, हे ते न बघता सांगतात. आणि सुजाता कांबळे, सांगलीकडची, आयटीआयला पहिली आलेली. तिची जीभ कानशीसारखी चालते, हे एचआरला अजून नीट कळलेलं नव्हतं.

*

डिझेलचं शेवटचं इंजिन लाइनवरून उतरलं, तेव्हा लोकांनी त्याचा निरोप समारंभ केला. आपल्याकडं माणूस रिटायर झाला की जे करतात ते सगळं! अण्णांनी इंजिनाला भगवा फेटा बांधला. सुजातानं ओवाळलं. हलगी कडाडली. बावीस जणांनी मार्करनं इंजिनावर सह्या केल्या आणि ते कँटीनच्या दारात काचेच्या पेटीत ठेवलं.

आठव्या दिवशी वरून निरोप: आणखी इंजिनं लागणार आहेत. लाइन सुरू!

महिन्यानं पुन्हा शेवटचं इंजिन. पुन्हा फेटा, पुन्हा हलगी. त्यानंतर पुन्हा लाइन सुरू. तिसऱ्या खेपेला अण्णा बोलवायला गेले, तर हलगीवाला हात जोडून म्हणाला, "अण्णा, पाव्हणं खरंच जाणार असलं तरच बोलवा गड्या! हितं आमी लग्नाच्या सुपाऱ्या सोडून येतोय!"

त्या तिसऱ्या खेपेच्या घाईत एक इंजिन कमी पडलं. गाड्या भरायला ट्रेलर येऊन उभा. मग काय, काचेची पेटी उघडली, फेटा सोडला, इंजिन बसवलं गाडीत!

दोन महिन्यांनी कस्टमर केअरला विदर्भातून फोन आला. "गाडी एकदम मस्त आहे. फक्त बॉनेटखाली बावीस लोकांच्या सह्या आहेत आणि 'सुखी राहा, लय आठवण येईल' असं लिहिलंय. हे वॉरंटीमध्ये येतं का?"

*

लाइनवरचा शिंदे पाटणचा. लग्नाचं वय झालेलं. मुलीकडचे पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यानं सांगितलं, "डिझेल इंजिनावर असतो." पंधरा दिवसांनी ते पसंती कळवायला आले, तर हा म्हणाला, "आता बॅटरीवर जाणार हाय." साखरपुड्याची बोलणी करायला बसले, तोवर हायब्रिड आलं होतं.

मुलीचे चुलते फौजेतून आलेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, टोपी घातली आणि उठता उठता म्हणाले, "पावणं, पोरगा चांगलाय. पोस्टिंगची ऑर्डर निगाली की कळवा!"

*

एकदा दुसरी शिफ्ट अचानक रद्द झाली. मोबाइलवर मेसेज पाठवले. म्हसवडहून निघालेली कंपनीची बस तेव्हा रेंज नसलेल्या रस्त्यावर होती. माणसं फाटकाशी उतरली तर फाटक बंद. परत जावं, तर ड्रायव्हरला हुकूम शिफ्ट सुटल्यावरच निघायचा! पूर्ण शिफ्टभर माणसं लिंबाखाली बसून राहिली. शिफ्ट सुटण्याच्या वेळेला शिस्तीत रांगेनं बसमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी अण्णांना बोलावलं. "शिफ्ट नव्हती, तर आलात कशाला?"

अण्णा म्हणाले, "मागल्या महिन्यात तुमी इच्यारलं हुतं, शिफ्ट हुती तर आला का न्हाई. तवापासनं आमी न इच्यारता येतोय!"

*

आता ट्रेनिंग. मशीन जहाजात होतं म्हणे. पण ट्रेनिंगची तारीख प्लॅनमध्ये ठरलेली, आणि प्लॅनमधली तेवढी एकच गोष्ट कंपनीनं पाळायची ठरवली. शेडमधल्या रिकाम्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवून मशीनच्या मापाचा चौकोन आखला. भिंतीवर हिरवं स्टिकर म्हणजे स्टार्ट, लाल स्टिकर म्हणजे इमर्जन्सी स्टॉप. पुण्याहून ट्रेनर आले. पोरगेलेसे, घामाघूम, पण माणूस प्रामाणिक.

"समजा, हे मशीन आहे," ट्रेनर म्हणाले. "समजा, तुम्ही पार्ट लावला. समजा, दार बंद केलं. दाबा हिरवं!"

अण्णांनी स्टिकर दाबलं.

"काय झालं?" ट्रेनरनी विचारलं.

"काय न्हाई, चालू हाय," अण्णा म्हणाले. "आवाज लय कमी हाय सर हिचा."

तीन आठवडे हे चाललं. एके दिवशी हजेरी घेताना ट्रेनर थांबले. "शिंदे कुठाय?"

सुजाता म्हणाली, "आलाय असं समजा सर!"

त्याच शिंद्याला पुढच्या आठवड्यात सेफ्टीवाल्यांनी मेमो दिला. कारण काय, तर जेवणाच्या डब्याकडं जाताना तो पिवळा चौकोन तुडवत गेला. 'चालू यंत्राच्या धोकादायक क्षेत्रात प्रवेश.' शिंद्यानं लेखी खुलासा दिला, तो मी स्वतः वाचलाय. 'मी आत शिरलो तेव्हा जेवणाची सुट्टी असल्याने मशीन बंद होते, अशी माझी समजूत होती.'

खुलासा मान्य झाला!

*

दसऱ्याला आपल्याकडच्या कारखान्यात मशिनांना आंघोळ घालतात, हार घालतात, नारळ फोडतात. त्या दिवशी ज्या मशीनला हार चुकतो, ते वर्षभर त्रास देतं, असा अण्णांचा अनुभव. मग ज्या मशीनवर बावीस घरं टांगलेली, त्याला हार नको?

"पर हार अडकवायचा कशाला?" शिंदे म्हणाला.

"खाली मांड रं. पट्टीवरनं मांड."

झेंडूचा हार पिवळ्या पट्टीवर चारी बाजूंनी मांडला. मधोमध नारळ, हळदकुंकू, उदबत्तीचा पुडा. सुजातानं नारळ थोडा डावीकडं सरकवला. "तितं ऑइल भरायचं भोक येतंय, अण्णा."

नेमके त्याच दिवशी मुख्य कचेरीचे मोठे साहेब पाहणीला आले. बरोबर एचआरचे साहेब, ट्रेनर, फोटोग्राफर. मोठे साहेब मराठी, पण बरीच वर्षं बाहेर काढलेले. शेडच्या टोकाला त्यांना दिसलं: रिकामी फरशी, तिच्यावर पट्टीनं आखलेला लांबट चौकोन, भोवती फुलं, मध्ये नारळ, उदबत्तीचा धूर, आणि बाजूला बावीस माणसं खाली मान घालून, हात जोडून उभी.

साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. अण्णांच्या जवळ गेले. अगदी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

अण्णा म्हणाले, "गेलं कोन न्हाई साहेब. यायचं हाय!"

*

दिवाळीनंतर प्लॅन बदलला. इलेक्ट्रिकची लाइन दुसऱ्या राज्यात जाणार, असं ठरलं. बावीस जणांच्या हातात बावीस पाकिटं पडली.

मी ती बावीसही पत्रं वाचली आहेत. 'नवीन यंत्रावरील आपले काम समाधानकारक आढळून आले नाही. सबब आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' खाली यंत्राचा नंबर, आकडे आणि अक्षरं मिळून लांबलचक. त्याखाली प्रत्येकाचा वेगळा दोष. शिंद्याला 'वेग राखता आला नाही.' सुजाताला, जिच्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर 'उत्कृष्ट' लिहिलंय तिला, 'यंत्र विनाकारण बंद ठेवले.' आणि अण्णांना 'हलगर्जीपणामुळे यंत्राचे नुकसान.'

बाकीचे शिव्या देत होते. अण्णा चहाच्या टपरीवर पत्र मांडीवर ठेवून बसले होते. मला म्हणाले, "कुटं मोडलंय तेवडं दाकवा म्हनावं. मी जोडून देतो."

ज्या माणसानं आयुष्यात एक पेच वाकडा बसवला नाही, त्याच्या नावावर हा डाग! नोकरी गेल्याचं दुःख त्यांनी घरी सांगितलं. डागाचं सांगितलं नाही.

बावीस जणांनी हरकत घेतली, तेव्हा कंपनीनं चौकशी लावली. पहिल्या मजल्यावरची खोली, सकाळी अकराची वेळ. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील. एका बाजूला एचआरचे साहेब, दुसऱ्या बाजूला अण्णा आणि सुजाता. बाहेरच्या बाकावर मी. दार उघडं होतं, आणि ते बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

अण्णा म्हणाले, "मला मशीन बगायचंय. नुकसान कुटं झालंय ते बगतो, मग म्हनाल तितं सही करतो."

एचआरचे साहेब म्हणाले, "मशीन हलवलं आहे."

"कवा?"

"गेल्या आठवड्यात."

"कुठल्या फाटकानं?" सुजातानं विचारलं.

जड माल दोन नंबरच्याच फाटकानं येतो-जातो, हे वकिलांनाही माहीत होतं. सुभेदारांना बोलावणं गेलं. ते फाटकावरची नोंदवही काखेत मारून आले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"या वहीत सगळ्या नोंदी असतात?" वकिलांनी विचारलं.

"सगळ्या साहेब." सुभेदारांनी सहज एक पान उघडलं. "एक शेळी, काळी. आत, धा वाजून पाच मिन्टं. बाहेर, धा वाजून वीस."

वकिलांना हसू आवरेना. "बरं, आता मशीनची नोंद वाचा."

सुभेदारांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून सुरुवात केली. बोट ओळीवरून फिरत होतं, ओठ हलत होते. शेवटचं पान उलटून त्यांनी वही मिटली.

"न्हाई साहेब."

"असं कसं नाही?" एचआरचे साहेब उसळले. "मी स्वतः तुम्हाला गेटपास दिला होता! मशीन बाहेर नेण्याचा! माझ्या सहीचा!"

"व्हय, दिला हुता की." सुभेदारांनी खिशातून घडी केलेला पास काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला. "हा बगा. म्हनलं, जपून ठेवावा."

"मग नोंद का केली नाही?"

"साहेब, आमाला शिकवलेलं हाय. जी वस्तू आत आली न्हाई, ती बाहेर सोडायची न्हाई!"

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. चौकशी कागदपत्रांच्या पडताळणीसाठी पुढं ढकलली. जिना उतरताना सुजातानं पत्राची झेरॉक्स माझ्या हातात कोंबली आणि यंत्राच्या नंबराभोवती तिनं काढलेलं लाल वर्तुळ दाखवलं.

चौकशीची पुढची तारीख अजून कोणाला कळलेली नाही. बावीस जण घरी आहेत, पत्रं मागं घेतलेली नाहीत. बावीसही पत्रांत यंत्राचा नंबर एकच आहे. तो कुठल्या यंत्राचा, हे मी एचआरला तोंडी विचारलं, मुख्य कचेरीला लेखी विचारलं, स्मरणपत्रही पाठवलं. पोच आली आहे. उत्तर आलेलं नाही.